नाजूक माल

जुनी वस्तू विकणे किती कठीण असते, हे बोहारणीशी घासाघीस केलेल्या कोणत्याही गृहिणीला विचारावे. पण बोहारीण निदान दारात तरी येते. इंटरनेटवर विकलेल्या मालाचे तसे नसते. माल पुण्यात, गिऱ्हाईक नागपुरात, आणि मधे कुरिअर!

सासऱ्यांचा १९७४ सालचा रेकॉर्ड प्लेअर मी नागपूरच्या एका निवृत्त गृहस्थांना विकला. मुलीची पाठवणी करावी तशी त्याची बांधाबांध केली. फिरती जड तबकडी काढून वेगळी गुंडाळली. ती जागेवर राहिली तर प्रत्येक धक्क्याला खालच्या दांड्यावर आपटते. सुईचा दांडा मऊ फितीने बांधला, त्याच्या शेपटीचे वजन काढले, सर्व बाजूंनी स्पंज भरला आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात बसवले. प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेतले. पूर्ण किंमत लिहून जोखमीचे जादा पैसेही भरले. वर 'नाजूक' असे ठळक लिहिले. आम्ही मराठीचे प्राध्यापक हा शब्द कवितांच्या संदर्भात सढळपणे वापरतो. मालाच्या गोदामात तो कुणी वाचत असेल असे वाटत नाही.

चौथ्या दिवशी फोन आला. "सर, झाकणाला तडा गेलाय, आणि लाकडी बैठकीचा कोपरा फुटलाय." स्वर तक्रारीचा नव्हता, ओशाळलेला होता.

सौ. म्हणाली, "अहो, कशावरून त्यांच्याच हातून पडला नसेल?"

शंका रास्त होती. परक्या माणसाला पारखायचे कसे? मी त्यांना खोकी न टाकता त्यांची छायाचित्रे पाठवायला सांगितले. बाहेरच्या खोक्याचा जो कोपरा चेपला होता, त्याच्या आतच बैठक फुटली होती. शंका मिटली.

मेहुणे वकील. ते म्हणाले, "१९३०चा मालविक्री कायदा, कलम ३९. माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तो सामान्यतः गिऱ्हाइकालाच दिल्यासारखा. मात्र मालाच्या मानाने वाहतुकीचा योग्य करार तुम्ही केलेला हवा. तो तुम्ही केलात. आता स्वस्थ बसा."

स्वस्थ बसवेना. त्या गृहस्थांनी पैसे माझ्याकडे पाहून दिले होते, कुरिअरकडे पाहून नव्हे. दुरुस्तीचा खर्च मी पाठवला. सौ. दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबांनीही असंच केलं असतं," आणि लगेच पुढे, "म्हणूनच त्यांच्याकडे कधी पैसा टिकला नाही!"

भरपाईचा अर्ज अर्थात मीच केला. पाठवणारा मी, पावती माझ्या नावाची. छायाचित्रे जोडली, बँकेत जमा झालेल्या रकमेचा उतारा जोडला. उलट टपाली उत्तर आले: वस्तूचे मूळ खरेदीबिल सादर करावे.

सौ. सध्या माळ्यावर सासऱ्यांच्या ट्रंका उघडून बसली आहे. १९६९च्या पंख्याचे बिल सापडले आहे.