उडता बुरूज

महाभारतातल्या संजयाविषयी आपण एक गोष्ट हमखास विसरतो. व्यासांनी त्याला दिव्य दृष्टी दिली, त्याने रणांगणाचे वर्णन केले आणि आंधळ्या धृतराष्ट्राने ते ऐकले, एवढे शाळकरी पोरही सांगेल. पण हाच संजय युद्धाच्या अखेरीस सात्यकीच्या तावडीत सापडला होता आणि त्याच्यावर तलवार पडायची तेवढी बाकी होती, हे शल्यपर्वात जाऊन पाहणारे थोडे. ऐन वेळी व्यास आले म्हणून बिचारा वाचला. तात्पर्य, लढाई नुसती पाहणारा माणूसही लढाईतच असतो.

एरवी या सदरात मी शब्दांची आणि पुस्तकांची लुडबूड करतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवाळी अंकात संपादक जरा मोकळे रान देतात. तेव्हा यंदा एका हेलिकॉप्टरची गोष्ट सांगावी म्हणतो. दचकू नका. मराठीच्या मास्तराला यंत्रातले काय कळते, हा प्रश्न आमच्या घरातही विचारून झाला आहे. पण मी पडलो नाशिककर. नाशिकरोडच्या गांधीनगरला लष्करी वैमानिकांची शाळा आहे. वर्गात एखादी ओवी ऐन रंगात यावी आणि नेमके त्याच वेळी खिडकीवरून एक इवलेसे हेलिकॉप्टर तडतडत जावे, हे ठरलेले. मुलांचे डोळे आकाशात आणि ओवी अधांतरी! ज्याने माझ्या इतक्या ओव्या अधांतरी ठेवल्या, त्याचे कूळ आणि मूळ शोधणे मला भागच होते.

त्याचे नाव 'चीता'. त्याचे मूळ काम टेहळणीचे. टेहळणी हा शब्द आपल्याला गडकिल्ल्यांमुळे चांगला परिचयाचा आहे. गडावर टेहळणीचा बुरूज असे. तिथला पहारेकरी दूरवर उठलेली धूळ पाहून सांगे, की घोडदळ येते आहे. पुढे तोफांचा पल्ला वाढला आणि पंचाईत झाली. तोफ डोंगराच्या अलीकडे, लक्ष्य पलीकडे. गोळा डागणाऱ्या गोलंदाजाला तो कुठे पडला हे दिसायचेच नाही! मग कोणीतरी उंचावर जाऊन सांगायला हवे, की गोळा दोनशे मीटर डावीकडे पडला, आता उजवीकडे घ्या. चारशे मीटर अलीकडे पडला, आता पुढे टाका. बुरूज तर उचलून नेता येत नाही. म्हणून बुरुजालाच पंख लावले गेले.

फाळणीनंतर भारताच्या वाट्याला 'ऑस्टर' जातीची छोटी विमाने असलेली अशी एक तुकडी आली. तिचे वैमानिक म्हणजे तोफखान्यातलेच अधिकारी. ज्याला तोफेचे मन कळते त्यानेच वरून पाहावे, हा त्यातला हिशोब. आमच्या शेजारच्या देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, तेव्हा या उडत्या बुरुजांचा नाशिकशी घरोबा जुना. पुढे विमानांच्या जोडीला हेलिकॉप्टरे आली. तोफखान्याच्या घरात वाढलेल्या या तुकड्यांनी 1 नोव्हेंबर 1986 रोजी वेगळी चूल मांडली आणि लष्कराचे स्वतंत्र हवाई दळ उभे राहिले.

आता चीत्याच्या कुळाकडे वळू. हे कूळ फ्रेंच. 12 मार्च 1955 रोजी फ्रान्समध्ये 'अलुएत-2' नावाच्या हेलिकॉप्टरने पहिली भरारी घेतली. अलुएत म्हणजे चंडोल. गात गात सरळ उंच चढणारा तो पक्षी. तोवरच्या हेलिकॉप्टरांना मोटारीसारखी जड, दट्ट्याची इंजिने असत. चंडोलाला टर्बाइनचे हलके इंजिन बसवले होते, आणि असे इंजिन घेऊन कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडलेले जगातले हे पहिले हेलिकॉप्टर. 1959 साली त्याचा थोरला भाऊ 'अलुएत-3' उडाला. सात माणसे बसतील असा, अंगाने भरलेला. त्याचा परवाना घेऊन बंगळूरच्या हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने 1965 पासून जे हेलिकॉप्टर बनवले, त्याला राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव मिळाले: 'चेतक'.

पण हिमालय ही चीजच वेगळी. तिथे हवा इतकी विरळ, की पात्यांना रेटायला आधार मिळत नाही आणि इंजिनालाही धाप लागते. 1968 साली भारतीय सेनादलांनी अशा उंचीवर काम करील अशा हेलिकॉप्टरची मागणी पुढे ठेवली. फ्रेंच कारागिरांनी तिला दिलेले उत्तर आपल्या जुन्या घरातल्या एखाद्या हुशार आजीला शोभेल असे होते. त्यांनी नवे काही घडवलेच नाही. धाकट्या चंडोलाचा हलका सांगाडा घेतला आणि त्यात थोरल्याचे दांडगे इंजिन व पाती बसवली! थोरल्याची शक्ती, धाकट्याचे वजन. 17 मार्च 1969 रोजी हे कलम उडाले आणि त्याचे नाव ठेवले 'लामा'.

यातली इंजिनाची युक्ती सांगण्यासारखी आहे. ते इंजिन मुळात 870 अश्वशक्तीचे. पण त्याच्याकडून काम घ्यायचे फक्त 550 अश्वशक्तीचे. हे कशासाठी? तर पगार हाती आल्याबरोबर त्यातली काही रक्कम डब्यात टाकून उरलेल्यात महिना काढणारी गृहिणी आठवा. महिनाअखेरीला शेजारणी उसनवारीला निघतात, हिचा संसार मात्र पहिल्या तारखेसारखाच चाललेला असतो. इथेही तसेच. उंचावर विरळ हवेने इंजिनाची ताकद कितीही घटली, तरी शिल्लक एवढी की 550 चा खर्च पुष्कळ उंचीपर्यंत भागतो.

1969 सालीच हिमालयातल्या चाचण्यांत लामा दोन माणसांना घेऊन 7,500 मीटर उंचीवर उतरले आणि पुन्हा उडाले. पुढे 21 जून 1972 रोजी झाँ बुले या वैमानिकाने ते एकट्याने 12,442 मीटरपर्यंत चढवले. एव्हरेस्टवर आणखी साडेतीन किलोमीटर! तिथे पोचल्यावर इंजिन विझले आणि पुन्हा पेटेना. पण हेलिकॉप्टर इंजिनावाचून दगडासारखे पडत नाही. खालून येणारी हवा पाती फिरवत ठेवते आणि वैमानिक शांत डोक्याचा असेल तर वडाच्या बियांसारखे नव्हे, पण निदान भिंगरीसारखे तरी खाली येते. बुले तसाच, बंद इंजिनाने, बारा किलोमीटर उतरून सुखरूप जमिनीवर आला.

हेच लामा 1970 च्या दशकात बंगळूरला बनू लागले आणि त्याचे बारसे 'चीता' असे झाले. इथे माझ्यातल्या मास्तराला गप्प बसवत नाही. चित्ता हा शब्द संस्कृत 'चित्रक' यावरून आलेला. चित्र म्हणजे ठिपकेदार. रानातला चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे 1952 साली जाहीर झाले आणि 2022 साली नामिबियाचे चित्ते कुनोच्या जंगलात आणून सोडले. मधल्या सत्तर वर्षांत आपला म्हणावा असा चित्ता एकच होता, तोही पात्यांचा. दिसायला मात्र तो मुळीच हिंस्र नाही. पुढे काचेचा मोठा बुडबुडा, मागे नळ्यांची उघडीवाघडी शेपटी, खाली चाकांऐवजी दोन दांडे, आत जेमतेम पाच माणसांची जागा. पहिल्या नजरेला वाटावे, कुणी काम अर्धवट टाकून जेवायला गेले आहे.

या सांगाड्याने काय केले ते सियाचीनला विचारावे. 13 एप्रिल 1984 रोजी, बैसाखीच्या पहाटे, हवाई दलाच्या चीता हेलिकॉप्टरांनी बिलाफोंड ला या खिंडीजवळ आपले जवान उतरवायला सुरुवात केली. एका खेपेला एक-दोनच माणसे. दुपारपर्यंत सतरा खेपा झाल्या, एकोणतीस जवान उतरले, आणि मग हवा अशी बिघडली की त्या तुकडीचा खालच्या जगाशी संपर्कच तुटला. तुकडीच्या म्होरक्याचे नाव होते कॅप्टन संजय कुलकर्णी. पुन्हा संजय! या संजयाने मात्र नुसते पाहिले नाही. तो पाय रोवून उभा राहिला.

तेव्हापासून टेहळणीसाठी जन्मलेले हे यंत्र हमाल झाले, पोस्टमन झाले आणि रुग्णवाहिकाही झाले. वीस हजार फुटांवरच्या चौक्यांना तांदूळ, औषधे, घरची पत्रे पोचवायची आणि परतताना हिमदंश झालेल्या जवानाला खाली आणायचे. सर्वांत उंच चौक्यांवर एका खेपेत नेता येणारे ओझे एखाद्या रॉकेलच्या कॅनएवढे. तेवढ्यासाठी दोन वैमानिक जीव मुठीत धरून वर जातात, टेबलाएवढ्या बर्फाच्या सपाटीवर दांडे टेकवतात आणि इंजिन बंद न करता क्षणात माघारी फिरतात. कारण खाली गेल्यावर पुढची खेप तयार असते. आपण स्टोव्ह पेटवताना रॉकेलची किंमत रुपयांत मोजली. तिथे तिचे माप निराळे.

1999 च्या कारगिल युद्धातही चीता होताच. गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या दोघी वैमानिक तिथे त्याच्यावर काम करीत होत्या. दरम्यान या कुळात दोन फांद्या फुटल्या होत्या, किंवा फुटायच्या होत्या. एक 'लान्सर', म्हणजे भालाईत. बाजूंना मशीनगन आणि रॉकेटे लावलेला. दुसरा 'चीतल', म्हणजे आपले चितळ. जुने इंजिन काढून अधिक ताकदीचे, संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारे नवे इंजिन त्याला दिले. 2004 साली तो सासेर कांगरीवर 7,670 मीटर उंचीवर जाऊन उतरला. चित्ता आणि चितळ, एक मारणारा आणि एक मरणारा. पण दोघांच्याही नावाचे मूळ तेच 'चित्र'. नाव ठेवणाऱ्याने हे जाणून केले असो वा नसो, पाहण्याचे काम करणाऱ्या यंत्राला ते शोभले खरे.

इथवर गोष्ट कौतुकाची. पण ज्याचा सांगाडा 1955 सालचा, त्याच्या डोक्यावर पिकलेले केस दिसणारच. इंजिन एकच, ढगात समोरचा डोंगर ओळखून आधी ओरडणारी आधुनिक उपकरणे मूळ यंत्रात नाहीत. 1 ऑक्टोबर 2014 रोजी बरेलीला चीता कोसळून तीन अधिकारी गेले. 2015 साली लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींच्या एका गटाने ही जुनी हेलिकॉप्टरे थांबवावीत, अशी मागणी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे केली. ऑक्टोबर 2022 मध्ये तवांगजवळ आणि मार्च 2023 मध्ये अरुणाचलातच पुन्हा अपघात झाले, पुन्हा वैमानिक गेले.

दरम्यान बदलीच्या गाड्याची वाट पाहणे चालूच होते. परदेशी हेलिकॉप्टरे घेण्याचा बेत 2007 साली रद्द झाला, दुसऱ्यांदा 2014 साली रद्द झाला. 2015 साली रशियाशी करार झाला, तोही मार्गी लागला नाही. आपले स्वतःचे हलके हेलिकॉप्टर 6 सप्टेंबर 2016 रोजी पहिल्यांदा उडाले, सियाचीनच्या चाचण्यांतूनही गेले आणि 2023 च्या फेब्रुवारीत तुमकुरूला हेलिकॉप्टरांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. या सगळ्याला आनंदाने टाळ्या वाजवाव्यात. फक्त कारखान्याची फीत आणि सर्वांत उंच चौकी यांच्यातले अंतर फार मोठे असते, आणि ते पार होईतो ती वाट म्हाताऱ्या चीत्यालाच चालावी लागते, याची आठवण टाळ्या वाजवताना राहावी.

आपल्याकडे जुन्या नोकराचे गुण गाण्याची मोठी हौस. "रामभाऊंसारखा माणूस पुन्हा होणे नाही!" असे म्हणायचे आणि रामभाऊंना सत्तरीतही जिन्यावरून पाण्याच्या घागरी आणायला लावायच्या. चीत्याचे विक्रम सांगताना मला हीच धास्ती वाटते. त्याने चाळीस वर्षांवर जे केले त्याबद्दलची कृतज्ञता पोवाड्यातून फिटायची नाही. ती वेळेवर दिलेल्या विश्रांतीतूनच फिटेल. यंत्राला दुखत नाही हे खरे. पण त्याच्या काचेच्या बुडबुड्यात दोन माणसे बसलेली असतात आणि त्यांच्या घरीही दिवाळीला कोणीतरी दार उघडे ठेवून बसलेले असते.

बुरुजावरचा पहारेकरी गडाबाहेर पाहतो, म्हणून गड सुखाने झोपतो. त्याच्या पायाखालचा चिरा निखळला आहे का, हे मात्र त्याला दिसत नाही. ते गडावरच्यांनी पाहायचे असते. दिव्याखाली अंधार असतो, ही म्हण आपण दुसऱ्याला टोमणा मारायला वापरतो. यंदाच्या दिवाळीत ती जरा स्वतःलाच म्हणून पाहू.