मेलेल्याचं नाव काय?

पिक्चर पिक्चरसारखा बघायचा असतो म्हणे. हे आमच्यातलेच शिकलेले लोक आता आम्हाला शिकवतात. फ्लॅट झाला, भिंतीएवढा टीव्ही आला, रात्रीचं जेवण झालं की त्यावर घोडे दौडतात, तोफा उडतात, आणि हे सोफ्यावर बसून छायाचित्रणावर बोलतात. बोला बाबांनो. पण त्या घोड्याखाली आलेला माणूस मला ओळखीचा वाटतो, त्याचं काय करू?

मीही एके काळी टाळ्या पिटल्यात. सगळ्यात स्वस्त तिकीट, पडद्याला नाक लागेल अशी रांग. बिगुल वाजला, निळ्या डगल्यांचे घोडेस्वार टेकडीवरून उतरले की अख्खी रांग शिट्ट्या मारायची. वस्तीतली पोरं आम्ही, गावकुसाबाहेरच्यांची अवलाद! अन् इंडियन पडला की टाळी आमचीच. ही टाळी कुणी शिकवली? कुणीच नाय. गोऱ्यानं कॅमेरा मांडला तिथं आम्हाला बसवलं. तिथून बंदुकीची नळी दिसायची, नळीपुढच्याचं तोंड दिसायचं नाय.

परवा जॉन फोर्डचा 'द सर्चर्स' (१९५६) पुन्हा लागला. जॉन वेन पुरलेल्या कोमांचीच्या डोळ्यांत गोळ्या घालतो. का? तर डोळे गेले की त्याच्या श्रद्धेप्रमाणे त्याला मेल्यावरही थारा मिळू नये. पोरवयात हे दिसलंच नव्हतं. मेल्यावरही जागा द्यायची नाही म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगायला नको. ज्या गावात मसणवटासुद्धा वेगळा, त्या गावातून आलोय आम्ही. आता पुढची गंमत बघा. कोमांचींचा नायक झालाय हेन्री ब्रँडन, जन्मानं जर्मन. पिक्चर काढला नवाहोंच्या मुलखात, आणि नवाहोंनाच कोमांची करून घोड्यावर चढवलं. मरायला खरा इंडियन, बोलायला रंगवलेला गोरा. फोर्ड मोठा दिग्दर्शक, मान्य. शेवटी तो वेनला दाराबाहेर ठेवतो, हेही मान्य. पण दार ज्या घराचं, ते घर कुणाच्या जमिनीवर उभं आहे?

हे जुनं झालं म्हणाल. बरं, 'ग्लोरी' घ्या, १९८९ चा. अमेरिकेच्या यादवी युद्धातली काळ्यांची पलटण, ५४वी मॅसॅच्युसेट्स. १८ जुलै १८६३ ला फोर्ट वॅग्नरवर चालून गेली. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १०, त्यातले कपड्याचे ३ कापून हातात ७. डेन्झेल वॉशिंग्टन पगाराची पावती फाडतो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्यांदा बघितला तेव्हा डोकं सणकलं. कर्नल शॉ खरा, त्याची पत्रं खरी. आणि ज्यांच्यासाठी आपण रडतो ते चार काळे शिपाई? चौघंही बनावट. खऱ्यांची नावं सापडत नव्हती काय? फ्रेडरिक डग्लसची दोन पोरं, लुईस आणि चार्ल्स, याच पलटणीत होती. पिक्चरमध्ये बाप जरा वेळ दिसतो, पोरं गायब. विल्यम कार्नी गोळ्या खात झेंडा सांभाळत परत आला. त्याला पदक द्यायला सरकारला १९०० साल उजाडलं. पडद्यावर त्याचं नाव नाय. फटके मात्र आहेत. सैन्यातली फटक्यांची शिक्षा १८६१ मध्येच कायद्यानं बंद झाली होती, तरी डेन्झेलची पाठ उघडी केलीच! साल्यांना कळवळा यायलासुद्धा काळी पाठ लागते, काळं नाव लागत नाय.

लढाई संपली आणि १८६६ साली काळ्यांच्या घोडदळाच्या पलटणी उभ्या केल्या. त्यांना कुणावर घातलं? त्याच इंडियनांवर. गुलामीतून सुटलेल्याच्या हातात बंदूक, समोर जमीन गेलेला. हसू नका. आमचीही पुरती तीच गत. १ जानेवारी १८१८, कोरेगाव. कंपनीची बंदूक, खांदा महाराचा. त्याच गोऱ्या सरकारनं १८९० नंतरच्या दहा वर्षांत महारांना पलटणीचं दार लावून घेतलं. पण कंपनीनं, स्वतःच्या बढाईसाठी का होईना, त्या खांबावर नावं कोरली. 'नाक' शेवटी असलेली नावं. म्हणून १९२७ मध्ये बाबासाहेबांना तिथं उभं राहून ती दाखवता आली. पिक्चरवाल्यांना सव्वाशे वर्षांनी तेवढंही जमलं नाय, आणि वर ऑस्कर घेतले.

सोफ्यावरचा माझा दोस्त म्हणतो, तू पिक्चरची मजा घालवतोस. घालवतो. पोरवयातल्या त्या टाळ्या मला परत घ्यायच्यात, त्या कुठं जमा केल्यात सांग.

मागच्या रविवारी भाचा म्हणाला, मामा, संपला, बंद करू? म्हटलं थांब, पाट्या येऊ दे. बारीक अक्षरं होती. चष्मा लावून उठलो, टीव्हीजवळ गेलो. तेवढ्यात चॅनेलवाल्यानं पाट्या कापल्या आणि साबणाची जाहिरात लावली.