गीत गा, पण हिशेब विसरू नका



15 ऑगस्ट व 26 जानेवारी उजाडली की वर्धा जिल्ह्यात गावोगावी ध्वनिक्षेपकावरून युद्धगीते ऐकू येतात. चीनच्या युद्धानंतर, 27 जानेवारी 1963 रोजी, लता मंगेशकरांनी दिल्लीत गाइलेले कवी प्रदीप यांचे गीत लागले की आजही आपला कंठ दाटतो. आणि त्याच क्षणी मनात सल उठतो की, ज्या देशासाठी अश्रू ढाळावयाचे, त्याने आपणास माणूस म्हणून जवळ केले कधी? या द्विधा मनाची लाज बाळगू नका. त्या सलामागे इतिहास आहे.

महारांची सैन्यभरती इंग्रजांनी 1892 च्या सुमारास बंद केली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली 111 वी महार पलटण उभारली, आणि गरज सरताच 1921 साली मोडली. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. स्वराज्यात तरी काय घडले? 1956 साली ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या घरचे जवान 1962, 1965 व 1971 च्या युद्धांत लढले. परंतु बौद्ध झाले म्हणून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ती घरे 1990 पर्यंत राहिली. रणांगणावर धर्म आड आला नाही. सवलतीच्या अर्जावर मात्र आड आला!

आपल्याच जिल्ह्यातील पुलगाव पाहा. तेथील दारूगोळा भांडारात 31 मे 2016 रोजी आग लागली; ती विझविताना सैन्यातील माणसांबरोबर अग्निशमनाचे कर्मचारीही होरपळून मेले. 20 नोव्हेंबर 2018 रोजी भांडाराजवळच जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा जण गेले, त्यांत पोटासाठी आलेले आसपासच्या खेड्यांतील मजूर होते. त्यांची जात आम्ही विचारीत नाही. एवढेच विचारतो की, तोफेसमोर मरणाऱ्याचे गीत होते, तर तोफेची दारू वाहता वाहता मरणाऱ्याचे का होऊ नये?

कोणी म्हणेल, युद्धाच्या वेळी असे प्रश्न काढणे हा देशद्रोह आहे. त्यांना रोहिणी नदीची कथा सांगा. पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव शाक्य संघात आला, तेव्हा सिद्धार्थ गौतम एकटा उभा राहिला व म्हणाला, आधी लवाद नेमा, चूक कोणाची ते ठरवा. बहुमत विरुद्ध गेले. त्याने परिव्रज्या पत्करली, पण सत्य सोडले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण हेच दिले आहे. तो देशद्रोह होता काय?

उलट आपल्यातील कोणी म्हणेल, ही गीते आपली नव्हेतच. तोंड मिटून बसा. तेही आम्हांस मान्य नाही. त्याच ग्रंथात सिंह सेनापतीला तथागत सांगतात की, शांततेचे सर्व उपाय थकल्यावर न्यायासाठी लढणारा दोषी नव्हे. शिवाय ज्या देशाचे संविधान घडविण्यात बाबासाहेबांनी आपला देह झिजविला, तो देश आपण दुसऱ्याच्या स्वाधीन करावा काय?

म्हणून मातांनो, मुलांना गीत जरूर शिकवा. परंतु गीत संपल्यावर 1921 ची मोडलेली पलटण, 1990 पर्यंतची वाट आणि पुलगावचे मजूर यांची हकीकतही सांगा. विहारात वंदना झाल्यावर त्या मृतांचे स्मरण करा. देशावर हक्क सांगणाऱ्यानेच देशाला जाब विचारावयाचा असतो; गीत गाणारा ताठ मानेचा नागरिक असावा, भाडोत्री भाट नव्हे.

जय भीम!