शनिवारी थांबणारा घाणा

कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी बेने इस्रायल कुटुंबांना ‘शनवार तेली’ म्हणत. तेल गाळण्याचा धंदा इतरही करीत. पण आठवड्यातून एक दिवस बैल सोडून घाणा थांबवणारे हेच. मुंबईत पहिले सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. त्यापूर्वीच्या कित्येक पिढ्यांकडे धर्मग्रंथ नव्हते, शिकवायला रब्बी नव्हते. शनिवारी घाणा चालवला असता तर सरकार दंड करणार नव्हते. उलट न चालवल्याने गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी जाई. तरीही घाणा थांबे.

व्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय, हे या साध्या गोष्टीवरून समजते. मनाला येईल तेव्हा काम करणे आणि मनाला येईल तेव्हा न करणे, एवढाच त्याचा अर्थ नाही. आपण होऊन घातलेली मर्यादा नुकसान सोसून पाळता येणे, हा त्याचा खरा अर्थ. फरोच्या विटा थापणाऱ्याला सुट्टीचा दिवस नव्हता. विश्रांतीचा दिवस ठरवू शकतो तो स्वतंत्र माणूसच. म्हणूनच पेसाहला सुटका साजरी झाली की शाबुओथपर्यंत ४९ दिवस मोजायचे असतात. पेसाहला बेड्या तुटतात, शाबुओथला आज्ञा मिळतात. पहिला सण साजरा करून दुसरा विसरणाऱ्याला सुटका मिळते, पण त्या सुटकेचे करायचे काय, ते कळत नाही.

जपानमधल्या उरायासुचा इतिहास या संदर्भात वाचण्याजोगा आहे. तोक्योला लागून असलेले हे मूळचे कोळ्यांचे गाव. शिंपले आणि समुद्रशेवाळ यांवर तिथली घरे चालत. १९५८ साली नदीकाठच्या एका कागद कारखान्याने काळे सांडपाणी सोडले, मासे आणि शिंपले मेले. दाद लागेना तेव्हा १० जून रोजी शेकडो कोळी कारखान्यात घुसले. पोलिसांशी झटापट झाली, माणसे जखमी झाली. त्याच वर्षी डिसेंबरात जपानी संसदेने पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध दोन कायदे केले. कारखान्याला कागद करण्याची मोकळीक होतीच, पण दुसऱ्याचे पाणी नासवण्याची नव्हती. एकाची मोकळीक दुसऱ्याच्या ताटापाशी थांबली पाहिजे, हे तिथे रक्त सांडल्यावर मान्य झाले. सद्गुणाचे काम हेच, की कायदा येण्याची वाट न पाहता माणसाने आधीच थांबावे.

पुढे १९६२ साली कोळ्यांनी मासेमारीचे काही हक्क सोडले आणि १९७१ साली उरलेलेही. समुद्रात भराव पडला, गाव पूर्वीच्या जवळजवळ चौपट झाले. त्याच भरावावर १९८३ साली डिस्नेलँड उभे राहिले. कोळ्यांच्या होड्या आता शहराच्या संग्रहालयात आहेत. बेने इस्रायलांचे घाणेही असेच गेले. मात्र घाणा गेला तरी शनिवार गेला नाही, कारण तो लाकडाच्या घाण्यात नव्हता, माणसाच्या निश्चयात होता. धंदा संग्रहालयात ठेवता येतो. निश्चय ज्याचा त्यानेच बाळगावा लागतो.

आज उरायासुत नोकरीसाठी राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला विचारणारे कोणी नसते. शेजाऱ्यांना शब्बाथ ठाऊक नसतो, दहा जणांचा मिनियान जमणे अवघड असते. शुक्रवारी दिवा लावला काय आणि न लावला काय, आईला फोनवर दिसत नाही. पण खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते. पाहणारे असताना पाळलेली रीत निम्मी भीतीने पाळलेली असते. कोणी पाहत नसताना पाळलेली रीत थोडी असली तरी स्वतःची असते. तरुणांनी सगळेच पाळण्याचे ओझे घेऊन शेवटी सगळेच टाकून देण्यापेक्षा एक गोष्ट निवडावी आणि ती मोडू नये.

वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. १९६२ च्या सुमारास इस्रायलमधल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलांच्या विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा नियम काढला. समाज पेटून उठला, जेरुसलेमला जाऊन बसला आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने त्यांना सर्व बाबतींत ज्यू मानले जावे, असा ठराव केला. तो लढा अभिमानाने सांगितला जातो, आणि सांगावाच. पण त्याच समाजाने पिढ्यान् पिढ्या आपल्यातच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद ठेवला होता. आजी कोण, आई कोठली, असे विचारून आपल्याच माणसांना पंक्तीतून आणि सोयरिकीतून दूर ठेवले होते, ही गोष्ट मात्र हळू आवाजातही निघत नाही. जी चौकशी आपल्याला झोंबली, ती आपल्या मुलांच्या आणि सुनांच्या वाट्याला येऊ नये. मुलगी कोणाशी लग्न करते, नातू किती हिब्रू वाचतो, यावरून घरात येण्याचा परवाना देणारे आजोबा त्या नियमाहून वेगळे काय करतात?

धाकाने पाळलेला धर्म धाक संपताच संपतो. उरायासुत धाक पोहोचत नाही, गोष्टी पोहोचतात. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची, मलिद्याच्या ताटाची, शनिवारी मोकळ्या सोडलेल्या बैलाची गोष्ट मराठीत सांगावी आणि पुढचा निर्णय ऐकणाऱ्यावर सोडावा. काही जण शनिवार पाळणार नाहीत. ते दुःख सोसावे. जे पाळतील ते मात्र शनवार तेल्यांसारखे, आपण होऊन पाळतील.