शब्द एवढासा, घाव मात्र खोल

सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलेल्या पोराला तिथला माणूस चार लोकांत म्हणतो, "काय रे, आज फॅट कमी लागली. पाणीबिणी घातलंस की काय?" माणसे हसतात. दुसरा एखादा असता तर "म्हशीलाच विचारा" म्हणून मोकळा झाला असता. हे पोर मात्र रिकामी किटली घेऊन घरी येते ते जेवत नाही की बोलत नाही. संध्याकाळपर्यंत त्या एका वाक्याची दहा झालेली असतात. सारा गाव मला चोर समजतो, बाबांनाही तसेच वाटत असणार, माझ्या हातून काही धड होतच नाही, मी नसलो तरी कोणाचे काय अडणार आहे! दुसऱ्या दिवसापासून तो डेअरीची वाटच टाकतो. घरातले म्हणतात, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

मंडळी, हे नाटक नव्हे. असे पोर पुष्कळदा लहानपणापासून विसरभोळे, धांदरट, एका जागी न टिकणारे असते. दप्तर शाळेतच राहणार, पिकाला पाणी लावून भलतीकडेच जाणार आणि मोटर चालूच! डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात, त्याची ही लक्षणे असू शकतात. लक्ष टिकवणारा आणि घाई रोखणारा मेंदूतला लगाम ह्यांच्यात ढिला असतो. शंभर मुलांत साधारण पाचांना हा त्रास असतो आणि मोठेपणीही अनेकांचा तो सुटत नाही. मुलींचा तर बहुधा ध्यानातच येत नाही, कारण त्या दंगा करीत नाहीत, गप्प बसून कुठेतरी हरवलेल्या असतात.

जो लगाम लक्षाला, तोच भावनांनाही. म्हणून राग, लाज, दुःख एकदम उसळते. त्यात "वेंधळा", "आळशी" हे वर्षानुवर्षे ऐकून मनाची कातडी सोललेली असते. तिथेच पुन्हा बोट लागले की ठणकणारच. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ विल्यम डॉडसन ह्यांनी ह्या वेदनेचे 'रिजेक्शन सेन्सिटिव्ह डिस्फोरिया' असे नाव लोकांपुढे आणले. डॉक्टर ज्यावरून निदान करतात त्या अमेरिकेतल्या डीएसएम ह्या ग्रंथात तो वेगळा आजार म्हणून नोंदलेला नाही. नसू द्या. नावाशी आपल्याला काय करायचे, ठणका खरा आहे.

ओढ्याला लोंढा आला की आपण बैलगाडी पाण्यात घालीत नाही, काठावर थांबतो. इथेही तेच करायचे. कानशिले तापली, छाती धडधडू लागली, घशाशी आवंढा आला, म्हणजे लोंढा येतो आहे असे समजावे. घरात आधीच ठरवून ठेवावे की "मी जरा गोठ्यात जाऊन येतो" असे तो म्हणाला की कोणी अडवायचे नाही, मागे लागायचे नाही. तोंडावर गार पाणी मारावे, वैरण तोडावी, बांधाने एक फेरी मारावी. तोवर फोनवरून कोणाला उत्तर द्यायचे नाही आणि कसला निर्णयही घ्यायचा नाही.

मन थाऱ्यावर आले की वहीत दोन ओळी लिहाव्या. एकीत, तो माणूस नेमके काय म्हणाला. दुसरीत, मी काय ऐकले. "फॅट कमी लागली" आणि "मी चोर आहे" ह्यांत केवढे अंतर आहे ते कागदावर दिसते. मग कारणही शोधता येते. वैरण बदलली असेल, कोवळा हिरवा चारा जास्त झाला असेल, नाहीतर नमुना घेताना दूध नीट ढवळले नसेल.

वडीलधाऱ्यांनी भर लोंढ्यात उपदेश करू नये. रागवायचेच तर एकट्यात, आणि कामाबद्दल. "तू असाच!" म्हणण्यापेक्षा "मोटर बंद करायची राहिली, उद्यापासून गजर लाव" म्हणावे. आपल्याकडे कौतुक मनात ठेवायची रीत आहे. ह्या पोरांना आपल्या मनातले वाचायला लावले तर ती वाईटच वाचतात. चांगले केले की तोंडाने सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. "मी नसलो तरी" असे शब्द आले तर थट्टेवारी नेऊ नका. जवळ बसून सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. अशा वेळचे पाऊल फार विचार करून उचललेले नसते. तेवढी घटका टळली की पुष्कळदा माणूस वाचतो. म्हणून फवारणीचे औषध माळ्यावर किंवा गोठ्यात उघडे ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याच्या हाती असू द्या, आणि त्या रात्री पोराला एकटे सोडू नका.

प्रत्येक हळव्या माणसाला एडीएचडी असतो असे मात्र नाही. उदासीनतेच्या आणि चिंतेच्या आजारातही मन असेच दुखरे होते. निदान मनोविकारतज्ज्ञानेच करायचे. लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, हे ते विचारतील. म्हणून शाळेची जुनी प्रगतिपुस्तके आणि बालपण पाहिलेले घरचे कोणी बरोबर न्यावे. औषधांचा उपयोग होतो, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. पोराला स्वतः बोलणे जड जात असेल, तर आधी आईने किंवा भावाने फोन केला तरी चालतो.