लक्ष कुठे आहे, हे कोणी मोजायचे?

कपाळावर पट्टा बांधायचा, कानांच्या पाळ्यांना चिमटे लावायचे आणि मन एकाग्र करायचे. की पंखा वेग घेतो आणि स्पंजचा छोटा चेंडू हवेत उचलला जातो. मॅटेल या अमेरिकन कंपनीने २००९ मध्ये 'माइंडफ्लेक्स' नावाचे हे खेळणे बाजारात आणले. त्याच वर्षी इमोटिव्ह कंपनीचा चौदा इलेक्ट्रोडचा 'इपॉक' हेडसेट आला. संगणकावरचे खेळ हात न लावता, नुसत्या विचारांनी खेळा, असे त्याचे आकर्षण होते.

मैत्रिणींनो, मुलांच्या या खेळण्याचे आपल्या अंकात काय काम, असे तुम्हाला वाटेल. काम आहे.

मुळात हे यंत्र विचार वाचत नाही. मेंदूतून सतत विद्युत्संकेत निघतात आणि डोक्याच्या कातडीवरून ते टिपता येतात, हे जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये दाखवले. हे संकेत अगदी क्षीण असतात. डोळे मिचकावले किंवा दात आवळले तरी स्नायूंच्या संकेतांत ते झाकले जातात. जे काही हाती लागते, त्यावरून कंपनी आपल्या सूत्राने एक आकडा काढते आणि त्याला 'एकाग्रता' म्हणते. (इलेक्ट्रोड कातडीला टेकावा लागतो. दाट, कुरळ्या किंवा वेणी घातलेल्या केसांतून तो नीट टेकत नाही. यंत्र बनवताना कोणाचे डोके डोळ्यांसमोर होते, ते यावरून कळते.)

आक्षेप खेळाला नाही. ज्या बाईचे हातपाय चालत नाहीत तिला अशा यंत्राने खेळता आले, पडद्यावर चार अक्षरे लिहिता आली, तर ते हवेच आहे. आक्षेप या आकड्याच्या पुढच्या प्रवासाला आहे.

२०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर असेच पट्टे बांधले गेले. पट्ट्यावरचा दिवा रंग बदलून मुलाचे लक्ष आहे की नाही ते सांगे आणि आकडे बाईंच्या संगणकावर जात. लोकांनी आरडाओरड केल्यावर ते थांबवावे लागले. म्हणजे खेळण्यातला आकडा वर्गात आला की त्याचे प्रगतिपुस्तक होते.

आणि घरात आला की? आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायकांच्या तक्रारींत एक वाक्य हमखास असते : 'तुझं लक्ष कुठे असतं?' भाजी करपली, सासूची हाक ऐकू आली नाही, रात्री नवऱ्याजवळ मन लागले नाही, की हा प्रश्न. फोन तपासणे तर आता नित्याचेच झाले आहे. कोणाशी बोललीस, कुठे गेली होतीस, याचा हिशेब ती देतेच. मनात काय चालले आहे तेवढेच अजून तिच्या ताब्यात आहे. तिथेही एक आकडा लावता येतो असे कोणी म्हटले, तर तो खरा की खोटा हे तपासायला थांबणार कोण?

असे थांबले नाहीत, याचा दाखला पुण्यातला आहे. २००८ च्या जूनमध्ये इथल्या सत्र न्यायालयाने चोवीस वर्षांच्या एका तरुणीला, पूर्वी लग्न ठरलेल्या मुलाच्या खुनाबद्दल जन्मठेप दिली. पुराव्यांत मेंदूच्या लहरींची चाचणी होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावून ती गप्प बसलेली, समोर गुन्ह्याचे वर्णन करणारी वाक्ये 'मी'ने सुरू करून वाचली जात होती, आणि तिला ते 'अनुभवातून' ठाऊक आहे असा निष्कर्ष संगणकाने दिला. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. ती चाचणीला तयार झाली होती, असे तेव्हा सांगितले गेले. पोलिसांच्या चौकशीतल्या तरुण बाईची तयारी म्हणजे काय, हे आपल्यापैकी जिने पोलीस ठाण्यात रात्र काढली आहे तिला सांगायला नको. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या सक्तीने घेणे घटनेविरुद्ध ठरवले, तेव्हा कुठे लगाम बसला.

पण तो लगाम तपास यंत्रणेला आहे. खेळणी विकणाऱ्या कंपनीला, शाळेला, मालकाला काय? चिलीमध्ये २०२१ साली मेंदूतील माहितीच्या रक्षणाची तरतूद राज्यघटनेतच केली गेली. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इमोटिव्हला एका माजी सिनेटरच्या मेंदूची माहिती पुसून टाकायला लावली. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशा माहितीला वेगळे स्थान नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते, अशी तरतूद त्यात आहे.

पालक म्हणजे कोण, हे आपल्याकडच्या अर्जांवर दिसतेच. पालकसभेला आई जाते, सही वडिलांची मागतात. उद्या शाळेत किंवा शिकवणीच्या वर्गात 'एकाग्रता वाढवणारा खेळ' आला, तर गटातल्या बायकांनी आधी तीन गोष्टी विचाराव्यात : आकडे कुठे साठतात, कोणाला दिसतात, आणि पट्टा नको म्हणणाऱ्या मुलीचे काय होते. उत्तर लेखी घ्यावे. आणि सही करण्याआधी मुलीला विचारावे.