संगणक देताय? सोबत एक शनिवारही द्या

दहावीचा निकाल लागला की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची मुले आधी गाठतात ते सायबर कॅफे. २०२५पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल आहेच. डोळखांब नाहीतर टोकावड्याच्या आतल्या पाड्यावरून मुलगी जीपभाडे खर्चून येते आणि फॉर्म दुकानदार भरतो. युजर आयडी, पासवर्ड त्याच्या वहीत. ओटीपी जातो बापाच्या मोबाइलवर, आणि बाप वीटभट्टीवरून अजून परतलेला नसतो. पसंतीक्रम भलताच भरला गेलाय, हे तिला यादी लागल्यावर कळते. दहा वर्षे शाळेत काढूनही स्वतःचा अर्ज स्वतः भरता येत नसेल, तर त्यात तिचा काय दोष?

हे बदलता येते. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड सरांनी गावाला सोबत घेऊन डिजिटल वर्ग उभा केला, त्यालाही आता दशक उलटले. मुरबाडमधल्या फांगण्यात योगेंद्र बांगर सरांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बाया गुलाबी साडी नेसून पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. या वयात आजी शिकतात, तर नातीला की-बोर्ड जड का जावा? दोन्ही ठिकाणी सामानाच्या आधी चिकाटीने मागे लागणारा माणूस होता, हे मात्र विसरू नका.

कारण नुसत्या सामानाचे काय होते, ते आम्ही पाहतो. फीत कापली जाते, फोटो निघतो, पाहुणे जेवून जातात. मग यूपीएसची बॅटरी बसते, वीजबिल थकते, आणि संगणकावर प्लॅस्टिकचे आवरण चढते ते चढतेच. चालू असलेल्या एखाद्या संगणकाभोवती सात-आठ जण दाटीने बसतात आणि माउस बहुतेक वेळा मुलाच्या हाती असतो. घरीही तेच. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालासाठी २०२४मध्ये केलेल्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण २७ टक्केच भरले.

म्हणून पुढचा निकाल लागायच्या आत मुलामुलींना स्वतःचा अर्ज स्वतः भरायला शिकवायचे काम व्हायला हवे. मुंबई-ठाणेकरांनो, तुमच्या नळाला भातसा-तानसाचे पाणी येते, म्हणजे आपली ओळख जुनीच. जुना लॅपटॉप जरूर द्या, पण चालू स्थितीतला, आपली माहिती पुसलेला, मराठी टायपिंग बसवलेला. त्याहून मोलाचा तुमचा शनिवार. आसनगावपर्यंत लोकल येते. मुलांना ईमेल काढायला, पासवर्ड जपायला, फसवा मेसेज ओळखायला शिकवा. फॉर्म त्यांच्याच हातून भरून घ्या. मुरबाड एमआयडीसीतल्या आणि महामार्गालगतच्या कंपन्यांनो, सीएसआरमधून नवा संच देण्याआधी जुन्याची दुरुस्ती, तीन वर्षांचे नेट आणि वीजबिल एवढे उचला. बातमी होणार नाही, काम होईल.

आणि पालकांनो, हातावर हात ठेवून बसू नका. शिक्षण हक्क कायद्याने शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला दिला आहे आणि समितीत बहुसंख्य तुम्हीच आहात. आदिवासी क्षेत्रासाठीच्या पेसा कायद्याखालच्या गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. येत्या ग्रामसभेत शाळेची वीज आणि संगणक हा विषय मांडा, ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा.

मदत करू इच्छिणाऱ्यांनी शहापूर किंवा मुरबाड पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, नाहीतर थेट शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे. काय हवे ते आधी विचारा, मगच गाडी भरा. आणि येताना एक एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन या. वर्गात प्लग पॉइंट बहुधा एकच असतो.